कोरलच्या टाकीत उजेड मोजायचा कसा

दिवा घेताना दुकानात पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचा?" वॅटवरून विजेचं बिल कळतं, कोरलला (म्हणजे प्रवाळाला) काय मिळणार ते कळत नाही. १०० वॅटचे दोन एलईडी दिवे घ्या. एकाची भिंगं ६० अंशांची, दुसऱ्याची १२० अंशांची. सारख्याच उंचीवर टांगले तर पहिल्याखाली मधला दगड भाजून निघेल आणि कोपरे उपाशी राहतील. दुसऱ्याखाली उजेड पसरेल, पण मधला आकडा निम्म्यावर येऊ शकतो. खोक्यावर मात्र दोन्हीकडे १०० वॅटच छापलेलं.

डोळे तर याहून फसवे. माणसाचा डोळा हिरव्या-पिवळ्या उजेडाला, म्हणजे ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, सगळ्यात तीक्ष्ण असतो आणि गडद निळ्याला जवळजवळ आंधळा. हा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. ५५५ नॅनोमीटरच्या उजेडाचा एक मायक्रोमोल (फोटॉन, म्हणजे उजेडाचे कण मोजायचं एकक; दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर) म्हणजे साधारण १४७ लक्स, डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या मापात. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याचा तेवढाच एक मायक्रोमोल म्हणजे जेमतेम ७ लक्स. फोटॉन तितकेच, पण डोळ्याला वीस पटींनी कमी. रीफसाठीच्या, म्हणजे कोरलच्या टाकीसाठीच्या, एलईडीत याच निळ्याचा भरणा असतो. म्हणून बघणाऱ्याला टाकी छान, मंद, निळसर वाटते आणि त्याच वेळी खालचं मशरूम कोरल उजेड सोसवेना म्हणून आक्रसून बसलेलं असतं.

कोरलच्या अंगात जे सूक्ष्म शैवाल राहतं, ते त्याचं बरंचसं अन्न तयार करतं. त्या शैवालात हरितद्रव्याबरोबर पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि या दोघांची भूक मुख्यतः निळ्या ते निळ्या-हिरव्या पट्ट्यात. समुद्रातही तेच घडतं: तांबडा उजेड पहिल्या काही मीटरमध्येच पाणी शोषून घेतं, खोलवर उरतो तो निळा. तेव्हा मोजायचं काय, तर ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन. दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती मायक्रोमोल पडले, त्याला आपण सगळे बोलताना 'पार' म्हणतो. पार १५० म्हणजे १५० मायक्रोमोल. पुढे सगळीकडे आकडा एवढाच लिहिला आहे.

अंदाज यावा म्हणून: दुपारच्या लख्ख उन्हात गोव्यात मिरामारच्या वाळूवर पार २,०००च्या आसपास जातो. टाकीत याच्या जवळपासही जायचं नसतं. मशरूमला ३० ते ८० पुरतो. झोअँथिड, म्हणजे झुपक्याने वाढणारी बटणासारखी मऊ कोरलं, ६० ते १५०मध्ये खूश. लेदर कोरल आणि झेनिया, हीही मऊ, ७० ते १५०. दगडी कोरलांपैकी मोठ्या पॉलिपची (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक जीव), टॉर्च-हॅमरसारखी, ८० ते १५०. माँटिपोरा १५० ते २५०. अ‍ॅक्रोपोरा २५० ते ३५०; ही दोन्हीही दगडीच. ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. २००मध्ये वाढवलेलं झोअँथिड २०० मागेल, ६०मध्ये वाढलेलं त्याच २००मध्ये पांढरं पडेल. विकणाऱ्याला "हे कुठल्या उजेडात होतं?" हे विचारणं म्हणूनच नावापेक्षा महत्त्वाचं.

दगडी कोरलांचे आकडे तुलनेपुरते दिले आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या अनुसूची १मध्ये रीफ बांधणारी सगळी दगडी कोरलं, काळं कोरल, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि समुद्रपंखे येतात. गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळ पाण्याखाली दिसलेला तुकडा असो की किनाऱ्यावर वाहून आलेला, घरी आणायचा नाही. कागदपत्रं नसलेलं दगडी कोरल कुणी "आहे माझ्याकडे" म्हणालं तरी घ्यायचं नाही. खालची उदाहरणाची टाकी म्हणूनच मशरूम, झोअँथिड, लेदर या मंडळींची आहे.

दिवसभराचा हिशेब

पार म्हणजे त्या क्षणाचा आकडा. कोरल जगतं ते दिवसभराच्या बेरजेवर. सूत्र सोपं: पार गुणिले तास गुणिले ३,६००, भागिले १० लाख. उत्तर येतं ते दिवसाला दर चौरस मीटर किती मोल, हे. १५० पार ८ तास म्हणजे ४.३२ मोल. आता बहुतेक दिवे सकाळी हळूहळू वाढतात आणि संध्याकाळी उतरतात. ही चढ-उतार सरळ रेषेत असेल तर तिचे तास निम्मे धरा. २ तास चढण, ६ तास पूर्ण, २ तास उतरण म्हणजे ६ अधिक २, बरोबर ८ तासच. दिवा १० तास चालू दिसतो, कोरलला मिळतो ८ तासांचा.

हे कळलं की एक सोय होते. दिवा कमजोर असेल तर १०० पार १० तास देऊन १२० पार सव्वाआठ तास दिल्यासारखं जवळपास साधतं. उलट चालत नाही. ४०० पार ३ तास दिला तर बेरीज वरच्या १५० पार ८ तासांइतकीच, पण शैवालाची प्रकाश वापरण्याची कमाल मर्यादा मध्येच ओलांडली जाते आणि वरचा उजेड अन्न न होता नुसती इजा करतो. १२ तासांपुढे जाण्यातही फायदा नाही. त्या जादा तासांवर पोसली जाते ती काचेवरची हिरवट साय.

मीटर: विकत, उसना की लक्समीटर

खरं साधन क्वांटम मीटर, बोलीभाषेत पार मीटर. पाण्याखाली नेता येणारा, केबलवाला सेन्सर हवा. अपोजी कंपनीचा एमक्यू-५१० या छंदात बऱ्याच हातांतून फिरतो. टाकी एकच असेल तर विकत घेण्यात अर्थ नाही. चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावा किंवा आठवड्यापुरता मागून आणावा. वर्षात दोनदा लागतो.

इथे एक बारकी गफलत आहे. हवेत जुळवलेला सेन्सर पाण्यात बुडवला की कमी दाखवतो, कारण त्याच्या पांढऱ्या टोपीतून उजेड बाहेर निसटण्याचं प्रमाण पाण्यात बदलतं. ही तूट भरायला मॅन्युअलमध्ये गुणक दिलेला असतो. अपोजीच्या ५०० मालिकेच्या सेन्सरला १.३२, जुन्या १०० आणि २०० मालिकेला १.०८. म्हणजे ५०० मालिकेचा सेन्सर १०० दाखवत असेल तर खरा आकडा १३२. पण पाण्याखालच्या कामासाठीच बनवलेल्या काही मीटरांत ही दुरुस्ती आधीच केलेली असते. तिथे पुन्हा गुणलंत की टाकी कागदावर भरभराटीला येते आणि प्रत्यक्षात कोरल काटकुळं राहतं. मॅन्युअल आधी वाचा, मग गुणा.

मीटर मिळतच नसेल तर? वायर असलेला साधा लक्समीटर चालतो, मोबाइलचं अ‍ॅप नाही. मोबाइलचा सेन्सर पडद्याच्या वर, अरुंद खिडकीमागे असतो. तिरका येणारा उजेड त्याला दिसत नाही, आणि पाण्यात तो नेता येत नाही ते वेगळंच. इंटरनेटवर "लक्सला ५४ने भागा" असं हमखास सापडतं. तो भागाकार उन्हासाठी आहे. निळ्या एलईडीखाली त्याने भागलं तर उत्तर खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी येऊ शकतं, आणि मग दिवा वाढवून कोरल जाळण्याचा मार्ग मोकळा. त्यातून स्वस्त लक्समीटरांचे फिल्टर निळ्याशी कसे वागतात याचा काही नेम नाही.

तरी लक्समीटर एका कामाला उत्तम आहे: तुलना. दिवा तोच, रंगांचं मिश्रण तेच, तर एका जागेच्या दुप्पट लक्स म्हणजे दुप्पट पार. म्हणून करायचं असं की पार मीटर एकदाच उसना आणावा, त्याच वेळी लक्समीटरचा डोळा पारदर्शक झिप पिशवीत घालून त्याच पाच-सहा जागांवर धरावा आणि लक्स भागिले पार काढावं. समजा ते सगळीकडे २२च्या आसपास आलं. हा तुमच्या दिव्याचा, तुमच्या मीटरचा, त्या पिशवीसकट गुणक. पुढची दोन वर्षं तोच वापरा. निळा-पांढरा स्लायडर हलवला की मात्र तो बाद.

मोजमाप

उदाहरणाला दोन फुटी टाकी घेऊ: ६० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद, ४५ उंच, काठोकाठ भरली तर १२१ लिटर. दिवा पाण्यापासून २५ सेंटिमीटर वर.

आदल्या दिवशी दिव्याची भिंगं किंवा खालची काच पुसून घ्या. आपल्याकडची हवा मुळातच खारट आणि दमट, त्यात स्किमरचे (फेसातून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचे) फुटणारे बुडबुडे. महिन्याभरात भिंगावर मिठाचा पांढरा थर बसतो आणि उजेडाचा चांगलाच वाटा तिथेच अडतो. आरओचं पाणी लावलेलं मऊ फडकं पुरे. दिवा बंद आणि गार असताना पुसा. टाकीवर काचेचं झाकण असेल तर तेही. मात्र महिनोन्महिने साचलेला थर एकदम पुसलात तर दिवा त्याच दिवशी १५-२० टक्क्यांनी खाली आणा. कोरलला हा अचानक उघडलेला उजेड नव्या दिव्यासारखाच.

मोजायचं रात्री, किंवा खिडक्यांचे पडदे ओढून. खोलीतला दिवा बंद. दिव्याचे सगळे रंग (चॅनल) दुपारच्या कमाल पातळीवर लावा आणि अर्धा तास थांबा, कारण एलईडी तापला की त्याचा उजेड किंचित उतरतो. थंड दिव्याचा आकडा घेतला तर तो खोटा जास्त येतो. वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, बंद. पाणी हलत असलं की तळाशी लखलखणाऱ्या रेघा धावतात, आणि मीटर क्षणात ९० तर क्षणात २०० दाखवतो.

सेन्सर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या टोकाला बसवा, तोंड सरळ वर. कोरलकडे किंवा दिव्याकडे वळवायचं नाही. सेन्सर २०-३० अंश कलला तरी आकडा घसरतो. पाइप बाजूने आत घाला, म्हणजे हाताची आणि डोक्याची सावली पडणार नाही. ही सावलीची चूक इतकी सर्रास होते की कोपऱ्यांचे आकडे संशयास्पद कमी दिसले तर आधी आपला कोपर कुठे होता ते आठवा.

लांबीत तीन जागा: डाव्या काचेपासून १५, ३० आणि ४५ सेंटिमीटर. रुंदीत तीन: समोरून १०, २२, ३५. खोलीत तीन: पाण्याखाली १०, २२ आणि वाळूवर. झाले २७ आकडे. प्रत्येक जागी दहा सेकंद थांबून स्थिर आकडा लिहा. वहीत टाकी वरून पाहिल्यासारखे तीन चौकोन काढले, प्रत्येकात नऊ घरं, की पुरे. स्प्रेडशीट लागत नाही. समजा वरच्या थरात मध्ये ३१० आणि कोपऱ्यात १२० आलं, मधल्या थरात १९० आणि ८५, वाळूवर ११५ आणि ६०. आता टाकी वाचता येते. मशरूम वाळूवरच्या कोपऱ्यांत. झोअँथिड वाळूच्या मध्यावर किंवा मधल्या थरात कडेला. लेदर मधल्या थरात, मध्यापासून जरा बाजूला. वरच्या थराचा मध्य, तो ३१०, रिकामा ठेवा. या टाकीत त्याला कुणी गिऱ्हाईक नाही. खरं तर अशा टाकीत दिवा नाकापेक्षा मोती जड झालेला आहे आणि तो खाली आणणंच बरं.

शेवटी दगडांची सावली. दगडाच्या कडेखाली सेन्सर घालून पाहा. वर १९० असताना चार बोटं आत गेलं की २०-२५ निघतात. कोरल लावताना ही जागा हमखास "वरच आहे की" म्हणून निवडली जाते.

मोजून झालं की वेव्हमेकर सुरू करून दोन-तीन जागी पुन्हा पाहा, सरासरी जवळपास तीच यायला हवी. सेन्सर आरओच्या पाण्याने धुऊन पुसून ठेवा. उसना असेल तर विशेष.

कमी-जास्त कसं करायचं

डिमरवरचे ५० टक्के म्हणजे निम्मा पार, असं धरू नका. एक जागा पक्की करून २५, ५०, ७५, १००वर आकडे घ्या. काही दिव्यांत ५०वर ३५ टक्केच मिळतं, काहींत ६०. हे चार आकडे वहीच्या पहिल्या पानावर.

मध्य तापतोय आणि कोपरे उपाशी असतील तर डिमर नव्हे, उंची बदला. दिवा २० वरून ३० सेंटिमीटरवर नेला की मधला आकडा उतरतो आणि फरक कमी होतो. थोडा उजेड टाकीबाहेर सांडतो, ते सोसायचं.

नवं कोरल आलं की ज्या जागी ते कायमचं राहणार तिथल्या निम्म्या पारमध्ये दोन आठवडे ठेवा. नवा दिवा लावला की तो मोजून जुन्याच्या ७०-८० टक्क्यांवर सुरू करा आणि आठवड्याला ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. घाई केली तर नुकसान दोन-तीन दिवसांत दिसतं, भरून यायला दोन-तीन महिने लागतात.

अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन हा यातला छुपा रुस्तम. जुनं पाणी पिवळसर होतं आणि ते पिवळेपण नेमका निळा उजेड खातं. मूठभर कार्बन एकदम टाकला की दोन दिवसांत पाणी आरशासारखं आणि कोरल फिकट. दिव्याला कुणी हातही लावलेला नसतो, म्हणून कारण सापडत नाही. शिफारशीच्या पाव मात्रेने सुरुवात करा.

कोरल काय सांगतं

झोअँथिडची मान लांब होऊन ती वर ताणली गेली, तर उजेड कमी. मशरूम काठ वर वळवून वाटीसारखं झालं, तर बहुधा तेही उजेडच शोधतंय. लहान आणि चपटं होऊन दगडाला चिकटलं, तर जास्त होतोय. वरची बाजू फिकट आणि खालची सावलीतली बाजू रंगीत, ही अति उजेडाची सगळ्यात भरवशाची खूण. सगळीकडून सारखंच फिकट झालं तर दिव्याआधी पाणी तपासा: नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आलेत का? नायट्रेट लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असावं. उपाशी कोरलला तोच १०० पार जड होतो. तपकिरी पडलं तर शैवाल वाढलंय. ते कमी उजेडानेही होतं आणि घाण पाण्यानेही, तेव्हा अंदाजपंचे दाहोदरसे दिवा वाढवण्याआधी आकडा पाहा.

उष्णता आणि उजेड एकमेकांना मिळून कोरलला मारतात. २६ अंशांना चालणारा १५० पार ३० अंशांना विष होऊ शकतो, कारण तापलेल्या शैवालाची प्रकाश हाताळणारी यंत्रणाच आधी मोडते. समुद्रातलं ब्लीचिंग, म्हणजे कोरल पांढरं पडणं, असंच घडतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चिलर बंद पडला किंवा तासन्तास लाईट गेली, तर पहिलं काम म्हणजे दिवा निम्म्यावर आणणं. पंखा लावून पाणी गार करण्यावर फार विसंबू नका. दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, तर गार कितीसं होणार.

खिडकीचा उजेड हिशेबात धरू नका, पण विसरूही नका. गोवा साडेपंधरा अक्षांशावर. जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला क्षितिजापासून ५१ अंशांवर उतरतो आणि दक्षिणेच्या दारातून, बलकावातून (गोव्याच्या घरांपुढच्या बसायच्या ओसरीतून) ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. पावसात मोजलेल्या टाकीवर नाताळच्या सुमारास रोज अर्धा तास उन्हाची तिरीप पडत असेल, तर वहीतल्या आकड्यांना काही अर्थ नाही. जाड पडदा लावा, किंवा त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद.

टायमर साधा चकतीवाला असेल तर तो बदला. लाईट गेली की चकती थांबते, परत आली की तिथूनच पुढे. पावसाळ्यात रोज अर्धा-पाऊण तास हुकला तर दोन आठवड्यांत टाकीची दुपार रात्री आठला व्हायला लागते. आतली बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या. चवथीला पाच दिवस गावच्या घरी जाताना तर हे तपासूनच निघा. निघायच्या दिवशी दिवा ८० टक्क्यांवर आणून ठेवा, कारण मागे पाणी तापलं तर पाहायला कुणी नसतं. एक-दोन दिवसांच्या अंधाराने कोरलचं काही बिघडत नाही. हवा देणारा बॅटरीवरचा एअरपंप मात्र सुरू राहायला हवा. परत आल्यावर दिवा लगेच १००वर नेऊ नका, आठवडाभरात चढवा, आणि भिंगं पुसून वाळूच्या मध्यावरचा तो एक आकडा पुन्हा घ्या: ११५ होता, किती आहे?